वंध्यत्वाचे एक दडलेले कारण

आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तथापि संपादक मंडळाने घरोघरी उपयोगी पडेल असे काही लिहा म्हटले, म्हणून आपल्या घरांत ज्यावर उघड बोलले जात नाही तोच विषय घेतला आहे. सूनबाईंच्या संमतीने लिहीत आहोत.

आमच्या धाकट्या सुनेस विवाहानंतर सहा वर्षे अपत्य झाले नाही. दर महिन्यास ती दोन-तीन दिवस अंथरुणास खिळे. त्या दिवसांत स्त्रीने बाजूला बसावे ही आपली चाल. त्यामुळे तिचे कण्हणे पुरुषांच्या कानी येत नसे, आणि वडीलधाऱ्या स्त्रिया 'हे चालायचेच' म्हणून तिला गप्प करीत. एका डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहून सर्व ठीक असल्याचे सांगितले. सोनागिरीची यात्रा झाली, टोमणेही झाले. टोमणे देणाऱ्यांत आम्ही होतो.

अखेर निघाला तो एन्डोमेट्रिऑसिस नावाचा रोग. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, बीजकोशांवर व ओटीपोटात, रुजतात. पाळीच्या वेळी त्यांतूनही रक्त झिरपते, परंतु त्यास वाट नसते. सूज येते, अवयव एकमेकांस चिकटतात, बीजकोशात जुने रक्त साठून गाठ होते आणि बीज नलिकेपर्यंत पोहोचणे कठीण होते. अमेरिकेतील डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली असे प्रतिपादिले की, पाळीचे रक्त नलिकांतून उलट पोटात गेल्याने हे घडते. परंतु तसे उलट रक्त बहुतेक स्त्रियांत जाते. रोग मात्र सुमारे दहांत एकीस होतो. तेव्हा उलगडा अपुराच आहे.

पोत्याच्या तोंडाशी दाणा चोख दिसतो, मधली ओल नळी खुपसल्यावाचून कळत नाही. सोनोग्राफीत गाठ दिसते, बारीक ठिपके बहुधा दिसत नाहीत. ते दुर्बिणीने दिसतात. रुग्णास भूल देऊन, बेंबीपाशी लहान छेद घेऊन, पोटात वायू भरून दुर्बीण आत घालतात. त्याच वेळी ठिपके कापून वा जाळून काढतात, चिकटलेले अवयव सोडवितात, गाठीचे आवरण सोलतात. रोग सौम्य असल्यास यानंतर नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता वाढते. मात्र गाठ सोलताना काही बीजेही नष्ट होतात, व रोग पुन्हा उद्भवू शकतो. म्हणून वय अधिक असल्यास पुष्कळदा नलिकाबाह्य गर्भधारणेचा मार्ग आधी सुचविला जातो. संप्रेरकांच्या गोळ्यांनी वेदना शमते, पण त्या चालू असता गर्भ राहत नाही. हे सारे शस्त्रक्रियेपूर्वी विचारून घ्यावे.

आणि पतीची तपासणी? ती बिनशस्त्राची, अल्प खर्चाची. आमच्याकडे ती सर्वांत शेवटी झाली, तीही चिरंजीवांनी स्वतः हट्ट धरला म्हणून.

आपल्या ग्वाल्हेरात १९४६ साली स्थापन झालेल्या गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालयास जोडलेले कमलाराजा रुग्णालय स्त्रिया व बालकांसाठी आहे. प्रथम सल्ल्यास दूर जाण्याचे कारण नाही.

सूनबाईंच्या शस्त्रक्रियेस दोन वर्षे झाली. अपत्य अद्याप नाही. वेदना पुष्कळ कमी आहे. गेल्या महिन्यात आमची पंधरा वर्षांची नात पोट धरून बसली, तेव्हा तिच्या आजीने दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेले. बरोबर धाकट्या काकू गेल्या होत्या.