आखूड रायफल आणि पत्र्यातलं भोक

मार्गशीर्षात माळेगावची यात्रा भरली की वडील मला आधी खंडोबाच्या दर्शनाला न्यायचे आणि मग थेट घोड्यांच्या बाजारात. विकत काही घ्यायचं नसायचं. नुसतं बघायचं. रंगाजवळ थांबणारं गिऱ्हाईक आणि खूर उचलून बघणारं गिऱ्हाईक वडिलांना लांबूनच ओळखू यायचं. पांढऱ्याशुभ्र घोड्यापुढं कुणी हरखून उभा राहिला की ते म्हणायचे, "ह्याचे पैसे गेले."

पंचेचाळिसाव्या वर्षी रायफल घेताना मी रंगच बघितला. त्यात माझे पैसे गेले, ते भरून निघाले. एका माणसाचा जीव जाता जाता राहिला, ते मात्र अजून पोटात आहे. आपल्या भागात बंदुकीचा परवाना असणारे आणि काढू पाहणारे शेतकरी बरेच आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

लिंबोटी धरणाच्या वरच्या अंगाला आमची नऊ एकर जमीन आहे. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत ज्वारी आणि हरभरा. एका बाजूला बालाघाटाचा माळ, दुसऱ्या बाजूला पाणी. त्यामुळं रानडुकरं आणि रोही आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या आहेत. वडिलांकडं पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोरची एकनळी होती. लांबलचक नळी, काळपट दस्ता. कोपऱ्यात उभी केली तर विहिरीच्या पाइपाचा तुकडा वाटावा. वडील गेल्यावर परवाना रीतसर माझ्या नावावर झाला आणि ती एकनळी माझ्याकडं आली. मी शिक्षक माणूस. शाळा सुटल्यावर मोटारसायकलवर शेतात जायचो, तेव्हा ती लांब बंदूक नेणं मला अवघड वाटायचं. खरं सांगायचं तर ती खांद्याला लावून गावातून जायची लाज वाटायची.

त्याच सुमारास एका परवानाधारकाची .३१५ बोरची रायफल विकायची आहे असं कळलं. बघायला गेलो आणि तिथंच अडकलो. सैन्याच्या जुन्या .३०३ रायफलीचं लाकूड नळीच्या टोकापर्यंत जातं. हिचं अर्ध्यावर संपलेलं, पुढं नुसती निळसर काळी नळी. अंगानं आखूड, हातात घेतली की तोल बरोबर मध्ये. बोल्टची मूठ वापरून वापरून चांदीसारखी झालेली. वर उचलायची, मागं ओढायची, पुढं सारून खाली दाबायची. प्रत्येक वेळी कुलूप बसल्यासारखा आवाज. आजही सांगतो, तसं देखणं हत्यार मी दुसरं बघितलं नाही. सुताराला रंधा आवडतो तशी ती मला आवडली. त्या आवडीत वाईट काही नव्हतं. ही वस्तू मला कशासाठी हवी आहे, एवढं मी स्वतःला विचारलं नाही.

त्या बोरचा इतिहास मला नंतर कळला. इंग्रजांच्या काळात सैन्याचं काडतूस चालेल अशी रायफल सामान्य माणसाला बाळगता येत नसे, कारण चोरलेली सरकारी काडतुसं तिच्यात वापरली गेली असती. म्हणून .३०३ सारख्याच बांधणीची, पण ऑस्ट्रिया-हंगेरीच्या जुन्या आठ मिलिमीटर काडतुसावर चालणारी रायफल हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांसाठी विलायतेत बनू लागली. स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यानं तोच प्रकार पुढं चालवला. म्हणजे ही शिकारी रायफल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी शिकार बंद केली, रायफल मात्र परवान्यावर राहिली. बंद झालेल्या कामासाठी घडवलेलं हत्यार मी ज्वारी राखायला आणत होतो.

कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर आतून गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, तीही वीस इंचांहून आखूड नळीची नाही. त्या कलमात पिकासाठी रायफलीचं नाव नाही. मी स्वसंरक्षणाचं कारण पुढं केलं, अर्ज, पोलीस चौकशी, नांदेडच्या खेपा सगळं केलं, एकनळी विक्रेत्याकडं जमा केली आणि रायफल घरी आणली. वडिलांची वस्तू दुकानात ठेवून बाहेर पडताना मागं वळून बघितलं नाही, याचं आता वाईट वाटतं.

पहिले काही महिने रायफलीनं माझं काहीच काम केलं नाही, फक्त माझी ओळख बदलली. पाहुणे आले की "बघू तरी". पुतण्यानं हातात धरून फोटो काढला आणि मी काढू दिला. तो फोटो दोन दिवसांत कुठल्या कुठं गेला. एका लग्नाच्या वरातीत घेऊन या म्हणून निरोप आला, तेव्हा मात्र मी नाही म्हणालो. आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनं केली आहे. हत्यार देखणं असलं की ते कपाटात राहत नाही. लोक ते बाहेर काढायला लावतात. तुमच्याकडं असेल तर पाहुण्यांना दाखवू नका, भावकीतल्या पोरांना तर मुळीच नाही.

आता त्या रात्रीबद्दल.

जानेवारी होता, ज्वारी हुरड्यात आलेली. मी आखाड्यावर जागलीला होतो. रात्री दोनच्या सुमारास ताटं मोडल्याचा कडकड आवाज आला. डुकरांचा कळप शिरला होता. एखादं डुक्कर मारायचं माझ्या मनात नव्हतं. वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय आपल्या रानातलं डुक्करसुद्धा मारता येत नाही, हे मला माहीत होतं. फक्त आवाज करून हाकलायचं होतं. समोर माळ आहे, गोळी माळात जाईल, असा हिशेब केला आणि कळपाच्या वरून एक गोळी सोडली.

नळीच्या तोंडाशी एवढा मोठा जाळ झाला की पुढची दोन-तीन मिनिटं मला काही दिसलं नाही. कानात दडा बसला. खांद्याला असा धक्का बसला की पुढचे चार दिवस शाळेत फळ्यावर लिहिताना हात वर जाईना. डुकरं पळाली. तासाभरानं परत आली.

उजाडल्यावर शेजारच्या आखाड्यावरचा सालगडी आला. अंतर अर्ध्या किलोमीटरच्या वरच असेल. तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, रात्री काय करायलाव? जरा येऊन बघता का?" गेलो. कुडाला उभ्या लावलेल्या पत्र्यात बोटभर भोक होतं. आतल्या बाजूला बाज होती. बाजेच्या उशापासून ते भोक एक हात वर. तो रात्री पाणी प्यायला उठून बसला होता आणि नुकताच परत आडवा झाला होता. त्याची बायको चुलीपुढं बसून माझ्याकडं बघत होती. ती काही बोलली नाही.

अंधारात मी माळाची दिशा दहा-पंधरा अंशांनी चुकलो होतो. छर्‍याच्या बंदुकीत एवढी चूक बहुतेक वेळा जिरून जाते, कारण बारीक छर्रे अडीच-तीनशे मीटरच्या पुढं जात नाहीत. मोठे छर्रे जातात, त्यामुळं तिथंही बेफिकीर राहू नये. रायफलीच्या नळीत आतून पीळ असतो, गोळी फिरत जाते, दिशा आणि जोर टिकवते. .३१५ ची गोळी वाटेत काही आडवं आलं नाही तर दीड-दोन किलोमीटर सहज जाते. आपल्याकडं दीड किलोमीटरच्या आत किती आखाडे, किती गोठे, किती बाजा असतात याचा हिशेब प्रत्येकानं आपल्या शेतात उभं राहून करावा. मी तो उजाडल्यावर केला. चारही दिशांना मिळून अकरा आखाडे आणि एक शाळा.

शेजारी म्हणाले, झालं गेलं मिटवून टाकू. पण मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन घडलं ते लिहून दिलं आणि रायफल जमा केली. चौकशी झाली, परवाना निलंबित झाला. पुढं ती रायफल मी रीतसर विकून टाकली. निष्काळजीपणानं दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा वेगळा गुन्हा आहे, मग इजा झालेली असो वा नसो. लपवून ठेवलं असतं तर त्या कुटुंबासमोरून रोज मान वर करून जाता आलं नसतं.

हत्याराचा आखूडपणा हाच मला गुण वाटला होता, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशासारख्या जंगलातल्या लढायांची गरज ओळखून इंग्रजांनी .३०३ ची आखूड आवृत्ती काढली. तिला 'जंगल कार्बाइन' म्हणतात. १९४४ ते १९४७ एवढ्याच काळात ती बनली. लांब रायफलीपेक्षा जवळजवळ एक किलोनं हलकी आणि दिसायला इतकी ऐटदार की आजही संग्राहक तिच्यासाठी पैसे मोजतात. पण काडतूस तेच राहिलं आणि वजन घटलं, म्हणून धक्का वाढला. नळी आखूड, म्हणून न जळलेली दारू बाहेर पेट घेई; तो जाळ झाकायला नळीच्या तोंडावर नरसाळं बसवावं लागलं. शिवाय नेम एका जागी टिकत नाही अशी सैनिकांची तक्रार होती. युद्ध संपल्यावर काही वर्षांतच तिचं उत्पादन थांबलं. माझ्या खांद्याला आणि डोळ्यांना त्या रात्री जे कळलं, ते त्या सैनिकांना आधीच कळलेलं होतं. आणखी एक. नुसत्या डोळ्यांनी नेम धरताना पुढची खूण मागच्या खाचेत बसवायची असते. नळी आखूड झाली की दोन्हींतलं अंतर कमी होतं आणि हाताची केसभर चूक लांबवर हातभर होते. अंधारात तर खूणच दिसत नाही.

जुन्या बंदुकीची नळी कापून ती सुबक करून देतो म्हणणारी माणसं भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. विनापरवाना नळी आखूड करणं शस्त्र कायद्याच्या सहाव्या कलमानं बंद आहे, आणि तसलं हत्यार सापडलं की आधीचा स्वच्छ परवाना काही कामाचा राहत नाही.

मग घ्यावं काय? आधी घ्यायचं का, हेच ठरवा. घरातल्या माणसांना विचारा, विशेषतः बायकोला. घरात दारू पिणारं, रागीट किंवा खचलेलं कुणी असेल तर हत्यार आणूच नका. एवढं होऊनही गरज असेलच तर पिकासाठी बारा बोरची साधी बंदूक पुरते. तिची काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातच बनतात. शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण २०१६ च्या नियमांनी आता सांगितलंच आहे. ते दाखल्यापुरतं उरकू नका, खरोखर शिका. परवाना पाच वर्षांचा असतो, मुदत संपायच्या बऱ्याच आधी नूतनीकरणाचा अर्ज द्या. बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात ठेवा. निवडणुकीत जमा करायचा आदेश आला की पहिल्याच दिवशी जमा करून पावती घ्या. विकत घेताना दिवसा उजेडी जाणत्या माणसाला सोबत न्या, नळीत आरपार बघा, परवान्यावरचा आणि हत्यारावरचा नंबर स्वतः जुळवून बघा. दस्त्याचं लाकूड सगळ्यांत शेवटी बघा.

डुकरांचं म्हणाल तर बंदुकीनं पीक राखलेला शेतकरी मी अजून बघितलेला नाही. आवाज फटाक्यानंही होतो. आम्ही आता ज्वारीच्या भोवती करडईचे चार-पाच तास पेरतो. आमच्या आज्याच्या काळात हे सगळेच करायचे, मधे सोडून दिलं. करडई काटेरी झाली की जनावर सहसा आत घुसत नाही. त्याच्या बाहेरून जुन्या साड्या बांधतो. तीन शेजाऱ्यांनी मिळून जागलीची पाळी लावली आहे. दोघांनी सौर झटका कुंपण बसवलं. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जनावर भितं, मरत नाही. पण तारेला सरळ खांबावरची वीज कुणी जोडू नये, त्यानं माणसं मेली आहेत. नुकसान झालंच तर लगेच फोटो काढून वन खात्याकडं भरपाईचा अर्ज करावा. थोडी तरी भरपाई मिळते.

सालगड्याच्या आखाड्याचा पत्रा मी नवा घालून दिला. जुना माझ्याकडं आहे, गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. परवा सोनखेडकडचा एक तरुण शेतकरी आला होता. मोबाईलवर आखूड रायफलीचा फोटो दाखवून म्हणाला, "गुर्जी, ही कशी वाटते?" मी म्हणालो, फार छान दिसते. मग त्याला गोठ्यात नेलं. त्यानं भोकात बोट घालून बघितलं आणि विचारलं, "किती लांबून?" मी त्याला बांधावर नेऊन तो आखाडा दाखवला. इथून तो काडेपेटीएवढा दिसतो.