मेंदूचे दोन गोलार्ध : वाटणी कशाची?

“गणित जमत नाही ना? मग तू उजव्या मेंदूचा, तुला कलाशाखाच बरी,” असा सल्ला दहावीनंतर हल्ली अनेकांना मिळतो. डावा मेंदू हिशेबी व तर्कनिष्ठ, तर उजवा कल्पक व रसिक, अशी त्यामागची समजूत. तिच्यात तथ्य किती, हे पाहणे आपणा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना तरी अगत्याचे आहे.

मेंदूचा डावा गोलार्ध शरीराच्या उजव्या बाजूचे व उजवा गोलार्ध डाव्या बाजूचे नियंत्रण करतो. १८६१ साली पॅरिस येथे पॉल ब्रोका या शल्यविशारदाने एका मृत रुग्णाचा मेंदू तपासला. या रुग्णाला इतरांचे बोलणे समजे. पण स्वतः तो ‘टॅन’ या ध्वनीखेरीज जवळजवळ काहीच उच्चारू शकत नसे. त्याच्या डाव्या गोलार्धाच्या पुढील भागास इजा झालेली आढळली. उजव्या हाताने काम करणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ९५ जणांत भाषेचे मुख्य केंद्र डावीकडे असते. डावखुऱ्यांतही शंभरांत सुमारे ७० जणांत ते तेथेच असते. म्हणजे साहित्याच्या विद्यार्थ्याचे मुख्य हत्यार, भाषा, बहुधा तथाकथित ‘हिशेबी’ मेंदूतच!

उजवा गोलार्धही रिकामा बसत नाही. चेहरे ओळखणे, जागेचे भान ठेवणे, आवाजाच्या चढउतारावरून राग की थट्टा हे जाणणे, यांत त्याचा वाटा मोठा. त्यास इजा झाल्यास काही रुग्णांना, डोळे शाबूत असूनही, डावी बाजू जाणवेनाशी होते. आपल्या पद्धतीने वाढलेल्या ताटातील उजवीकडची भाजी संपावी आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहावी, असा हा प्रकार.

दोन्ही गोलार्धांना सुमारे २० कोटी तंतूंचा एक जाड पट्टा जोडतो. तीव्र अपस्माराच्या काही रुग्णांत शस्त्रक्रियेने तो छेदण्यात आला. अशा रुग्णांवरील संशोधनाबद्दल रॉजर स्पेरी यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे शिष्य मायकेल गॅझनिगा यांनी अशा एका रुग्णाच्या डाव्या गोलार्धाला कोंबडीचा पाय व उजव्या गोलार्धाला बर्फाचे दृश्य दाखविले. मग समोरच्या चित्रांतून उजव्या हाताने कोंबडी निवडली, तर डाव्या हाताने फावडे! फावडे का, असे विचारताच रुग्ण उत्तरला, की खुराडे साफ करायला ते लागतेच. बोलणाऱ्या डाव्या गोलार्धाला बर्फाची वार्ताच नव्हती. तरी त्याने कारण मात्र रचले. कल्पकता ही उजव्याची मिरासदारी नव्हे, हे यावरून दिसते.

हा पट्टा निरोगी माणसात अखंड असतो व दोन्ही गोलार्ध सतत देवघेव करतात. २०१३ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी १,०११ व्यक्तींच्या मेंदूंची प्रतिमाचित्रे तपासली. त्यांत कोणी एकंदरीने ‘डाव्या’ वा ‘उजव्या’ मेंदूचा असल्याचा पुरावा मिळाला नाही.

तात्पर्य, वाटणी आहे ती कामांची, माणसांची नव्हे. कविता वाचताना शब्दार्थ आणि स्वर दोन्ही लागतात. भूमितीच्या सिद्धतेत आकृती आणि तर्क दोन्ही लागतात. गणित कच्चे असेल तर सराव वाढवावा, चांगला शिक्षक गाठावा. कलाशाखा निवडायची, तर ती आवडते म्हणून निवडावी. अर्धा मेंदू उणा आहे असे मानून नव्हे.