कपाशीचे फूल काढू या

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला निघालो, की वाटेत बिडकीन लागते. श्रावण-भादव्यात या भागात पऱ्हाटी फुलावर येते. ही फुले आपण रोज पाहतो. खुरपताना पाहतो, फवारताना पाहतो. पण कोणी विचारले, "कपाशीच्या फुलाला पाकळ्या किती?" तर पटकन उत्तर येत नाही. कोणी चार म्हणतो, कोणी सहा. पाहिलेले असते, पण निरखलेले नसते.

म्हणून या धड्यात आपण फूल काढायला शिकू या. कोणी म्हणेल, "अहो, चाळिशी उलटली. या राठ हातांनी का आता फुलं काढायची?" आम्ही म्हणतो, ज्या हाताला 'क' वळवता आला, त्या हाताला पाकळी वळवता येईल. दोन्ही रेघाच आहेत.

आधी पाहा, मग काढा

सकाळी एक फूल जवळून पाहा. पाकळ्या मोजा. पाच आहेत. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारच्या पाकळीवर चढलेली असते. मध्ये पिवळ्या केसरांचा लहानसा खांब असतो. फुलाखाली तीन हिरवी पाने असतात. त्यांच्या कडा कातरलेल्या असतात.

आता रंग पाहा. आज उमललेले फूल सायीसारखे पांढरट-पिवळे असते. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी होते आणि मिटते. नंतर ते सुकून गळते आणि बोंड वाढू लागते. एकाच झाडावर पांढरे आणि गुलाबी फूल दिसते ते यामुळे. हा रोग नव्हे. फुलाचे वय झाले, एवढेच.

फूल काढण्याच्या पाच रीती

पहिली रीत मातीची. अंगणात बारीक माती पसरा. काडीने हलका गोल काढा. मधोमध टिंब द्या. टिंबापासून गोलापर्यंत सारख्या अंतरावर पाच रेघा ओढा. एकेका रेघेभोवती एकेक पाकळी वळवा. खाली तीन कातरलेली पाने आणि देठ. चुकले तर हाताने पुसा. माती फुकट आहे आणि ती कोणाला हसत नाही.

दुसरी रीत रांगोळीची. ही आपल्या बायाबापड्यांची जुनी विद्या. चिमटीतून रांगोळी सारखी सुटली पाहिजे. हात थांबला की ढीग पडतो, घाई केली की रेघ तुटते.

तिसरी रीत भिंतीची. गेरू वाटून पाण्यात कालवा. त्यात बाभळीच्या डिंकाचे थोडे पाणी घाला, म्हणजे रंग अंगाला लागत नाही. काडीचे टोक ठेचून केस मोकळे करा, की झाला कुंचला. गेरूच्या लाल जमिनीवर चुन्याची पांढरी पाकळी उठून दिसते. चुना मात्र जपून वापरा. कळीचा चुना पाण्यात उकळतो. डोळ्यात गेला तर डोळा जाण्याची भीती असते. मुलांना दूर ठेवा.

चौथी रीत शिसपेनीची. येथे रंग नाही, दाब आहे. हलक्या हाताने उजेड दाखवावा, दाबून सावली दाखवावी. जेथे पाकळीवर पाकळी चढते, तेथे थोडी सावली द्या. फूल कागदावरून वर आल्यासारखे दिसेल.

पाचवी रीत पाण्यातल्या रंगांची. हिचा नियम असा, की फिका रंग आधी आणि गडद रंग नंतर. पांढऱ्यासाठी कागद कोरा सोडावा. पाकळीवर फिका पिवळा रंग द्या. तो ओला असतानाच कडेला गुलाबी रंगाचा एक थेंब सोडा. थेंब आपोआप पसरेल. शेतातले फूल पांढऱ्याचे गुलाबी होते, तसेच कागदावरचे फूलही होईल.

आपल्या मुलखातली फुले

फुले काढण्याचे काम आपल्या मुलखाला नवे नाही. अजिंठ्याची लेणी याच जिल्ह्यात आहेत. तेथील पुष्कळशी चित्रे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची आहेत. त्या लेण्यांच्या छतांवर कमळे आणि वेली रंगवल्या आहेत. तो गिलावा कशाचा आहे? मातीचा. त्यात भाताचे तूस आणि गवताचे तंतू मळले आहेत. वर चुन्याचा पातळ हात दिला आहे. आपले मातीचे घर लिंपावे, तशीच ही रीत. लाल आणि पिवळे रंग गेरूच्या जातीच्या मातीचे, काळा काजळीचा. निळा दगड मात्र दूर देशाहून आणलेला.

१८७२ सालापासून मुंबईच्या जे. जे. कला शाळेतील विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली या चित्रांच्या नकला काढल्या. काम बरीच वर्षे चालले. नकला लंडनला गेल्या, आणि १८८५ साली तेथे लागलेल्या आगीत त्यांतल्या पुष्कळ जळाल्या. तरी ज्यांनी त्या काढल्या, त्यांचे शिकणे जळाले नाही.

दुसरीकडे पैठण. तेथे फूल कुंचल्याने काढीत नाहीत, धाग्याने विणतात. पैठणीच्या पदरावर कमळ असते, आसावलीची फुलवेल असते. विणकर एकेका रंगाची वेगळी कांडी घेतो. धागे मोजतो आणि तेवढ्यांतूनच तो रंग फिरवतो. एक धागा चुकला तर पाकळी वाकडी होते. उलगडून पुन्हा विणावे लागते.

पाहण्याचा खरा लाभ

कोणी विचारील, "फूल काढून पोट भरतं का?" तर एक गोष्ट सांगतो.

२०१७ साली महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने कपाशीचे फार नुकसान केले. मराठवाड्यालाही मोठा फटका बसला. ही अळी बोंडाच्या आत असते, वरून दिसत नाही. पण त्याआधी ती फुलात शिरते. अळी पाकळ्या आतून जाळ्याने बांधते. मग फूल उमलत नाही. मिटलेल्या गुलाबाच्या कळीसारखे दिसते. याला डोमकळी म्हणतात. डोमकळी वेळीच तोडून अळीसकट नष्ट केली, तर पुढची पिढी कमी होते.

आता सांगा, डोमकळी कोणाला आधी दिसेल? ज्याने चांगल्या फुलाच्या पाच पाकळ्या बोटाने वळवल्या आहेत, त्यालाच. चांगले फूल डोळ्यात पक्के बसले, की बिघडलेले फूल लगेच खुपते.

अक्षर शिकलो, तेव्हा कागद वाचता आला. फूल काढायला शिकलो, तर शेतही वाचता येईल.

करून पाहा

१. उद्या सकाळी कपाशीचे एक फूल निरखा. तेच फूल परवा पुन्हा पाहा. काय बदलले ते दोन ओळींत लिहा.

२. भेंडी, अंबाडी आणि जास्वंद यांची फुले पाहा. त्यांच्या पाकळ्या मोजा. ही सारी कपाशीच्याच कुळातली. ती एकमेकांसारखी कोठे दिसतात?

३. तुमच्या आवडीच्या रीतीने फूल काढा. चित्राखाली आपले नाव आपल्या हाताने लिहा.