सायकल स्टँडवरचे तीन पक्ष



मागच्या पावसाळ्यात आपल्या शाळेच्या सायकल स्टँडवर तीन पक्ष पडले. पहिला काळ्या सायकलींचा. वडिलांची, आजोबांची, नाहीतर काकांची दूध घालायची सायकल घेऊन येणारी ही मुले. मागे मोठा कॅरिअर, दांडीला गुंडाळलेली दोरी आणि एका हाताने न उचलणारा लोखंडी स्टँड ही त्यांची खूण. दुसरा पक्ष गियरवाल्यांचा. रंगीत सायकल, जाड टायर, हँडलवर गियरचे खटके, आणि मडगार्ड मात्र नाही. तिसरा पक्ष सरकारी सायकलींचा. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या मुलांना मोफत सायकली द्यायला सुरुवात केली होती. २०२० च्या कोरोना साथीनंतर ते वाटप बंद पडले. आज स्टँडवर दिसतात त्या बहुतेक थोरल्या भावाबहिणींच्या, घरात एकाकडून दुसऱ्याकडे आलेल्या.

काळ्या पक्षाने गियरवाल्यांचे नाव ठेवले ‘लाल पट्टेवाले’. आपल्या खानापूर तालुक्यातला पाऊस आणि तांबडी माती माहीत असणाऱ्याला कारण सांगायला नको. मडगार्ड नसलेल्या चाकाचा चिखल थेट पाठीवर उडतो आणि पांढऱ्या शर्टावर कमरेपासून मानेपर्यंत पट्टा उमटतो. गियरवाल्यांनी उलट काळ्यांना ‘डेअरी’ म्हणायला सुरुवात केली. आणि हे दोन्ही पक्ष एक होत ते तिसऱ्याला ‘रेशन’ म्हणण्यापुरते.

आम्ही शिक्षकही या नावांना हसत होतो, हे येथेच कबूल करतो. पुढे काय झाले ते नंतर सांगू. आधी थोडा अभ्यास करू, कारण दुसऱ्याच्या सायकलीला हसण्याचा हा उद्योग नंदगडात सुरू झालेला नाही. तो सायकलीइतकाच जुना आहे.

दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडात पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच आणि मागचे अगदी लहान अशी सायकल चालत असे. तिच्यावर चढणे हेच मोठे धाडस. पडला तर माणूस डोक्यावर आपटे. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी ‘रोव्हर’ सायकल आणली. तिला ‘सेफ्टी’, म्हणजे सुरक्षित सायकल म्हणत. उंच चाकावरच्या शूरांना ती भित्र्यांची गाडी वाटली. आज आपल्या स्टँडवरच्या तिन्ही पक्षांच्या सायकली याच भित्र्यांच्या गाडीच्या वंशातल्या आहेत.

पुढची गोष्ट टायरची. बेलफास्टचे जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर केला. तोवर टायर भरीव रबराचे असत. १८८९ च्या मे महिन्यात विल्यम ह्यूम हा स्वार हवेचे टायर लावून बेलफास्टच्या शर्यतीत उतरला, तेव्हा ते फुगीर टायर बघून लोक हसले. ह्यूमने शर्यती जिंकल्या आणि काही वर्षांतच भरीव टायर मागे पडले.

गियरलाही हेच भोगावे लागले. टूर दी फ्रान्स ही जगप्रसिद्ध शर्यत १९०३ मध्ये सुरू करणारे हेन्री देग्रांज हे गियरचे मोठे विरोधक होते. गियर पंचेचाळीशी उलटलेल्यांसाठी ठीक, खऱ्या गड्याने एकाच गियरवर डोंगर चढावा, असे त्यांचे मत होते. साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे गियर त्या शर्यतीत १९३७ पर्यंत चालत नव्हते. आपल्या काळ्या पक्षाने हे वाचून फार खूश होऊ नये, कारण आता गणित येते आहे.

आठवी-नववीच्या मुलांनी आपापल्या सायकलीचे दात मोजावेत. पुढच्या चक्राचे दात भागिले मागच्या फ्रीव्हीलचे दात, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती वेळा फिरते ते कळते. त्याला चाकाच्या परिघाने गुणले की एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते मीटरमध्ये मिळते. समजा काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दात आहेत. भागाकार २.४४. अठ्ठावीस इंची चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर. म्हणजे एका फेऱ्यात जवळजवळ साडेपाच मीटर.

आता गियरची सायकल घ्या. सव्वीस इंची चाक, परीघ सुमारे २.०७ मीटर. सर्वांत जड गियरला पुढे ४२, मागे १४ दात असतील, तर एका फेऱ्यात ६.२ मीटर. सर्वांत हलक्या गियरला पुढे २४, मागे २८ असतील, तर फक्त पावणेदोन मीटर.

या आकड्यांकडे नीट बघा. सपाट रस्त्यावर काळी साडेपाच आणि गियरची सव्वासहा! एवढ्या तफावतीसाठी केवढे भांडण! गियरचा खरा उपयोग त्या पावणेदोन मीटरमध्ये आहे. चढावर काळी सायकल प्रत्येक फेऱ्याला साडेपाच मीटरचाच घास मागते, म्हणून पाय थकतात आणि उतरून ढकलावे लागते. गियरवाला लहान लहान घास घेत वर जातो. शर्यतीच्या सायकलीचे पुढे ५०, मागे ११ दात धरले, तर एका फेऱ्यात साडेनऊ मीटर होतात. पण तो घास पेलायला तसे पाय लागतात.

शर्यतवाल्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो, मोठ्या माणसांतही पक्ष आहेतच. रस्त्यावरच्या शर्यतीचे स्वार सायकलीचे वजन ग्रॅममध्ये मोजतात म्हणून बाकीचे त्यांना हसतात. आंतरराष्ट्रीय नियमाने शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही, एवढा त्यांचा हलकेपणाचा ध्यास. डोंगरातल्या कच्च्या वाटेने जाणाऱ्यांना ते ‘चिखलातले’ म्हणतात, आणि ते यांना ‘डांबरी’. लाकडी किंवा सिमेंटच्या गोल ट्रॅकवर पळणाऱ्यांच्या सायकलीला ब्रेकही नसतो आणि फ्रीव्हीलही नसते. चाक फिरते तोवर पाय फिरलाच पाहिजे. आपल्याच जिल्ह्यात रामदुर्ग तालुक्यातल्या चंदरगी क्रीडा शाळेत मुलांना सायकलिंग शिकवतात. आपल्यापैकी कोणाला त्यात पुढे जायचे असेल, तर पालकांनी चौकशी जरूर करावी. ऑलिंपिकने मात्र भांडणात भाग घेतला नाही. १८९६ पासून सायकल तिथे आहे, १९९६ मध्ये डोंगरी सायकल आली आणि २००८ मध्ये लहान चाकांची बीएमएक्सही.

लांब पल्ल्याचे लोक आणखी वेगळे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच एकट्याने केली. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, सामान सायकलीला बांधून १५९ दिवसांत २९,००० किलोमीटर जगभर फिरली. घड्याळाशी झुंजणारे म्हणतात, सामानवाले हळू. सामानवाले म्हणतात, घड्याळवाल्यांना वाटेतली गावेच दिसत नाहीत. आम्हाला विचाराल तर दोघांचेही बरोबर आहे आणि आपण कोणाच्याच बरोबरीला नाही.

पालकांपैकी पन्नाशीपुढचे लोक हे वाचून हसत असतील. त्यांच्या वेळी सायकल असणे हाच एक पक्ष होता आणि नसणे हा दुसरा. दुकानातून तासाच्या भाड्याने सायकल आणायची, सीटवर पाय पुरत नाहीत म्हणून दांडीखालून पाय घालून कैची मारायची, आणि तास भरायच्या आत गुडघे फोडून परत करायची. गावात एखादा सायकलवाला येई आणि खाली न उतरता सलग आठ-आठ दिवस चौकात फेऱ्या मारी. सायकलीवरच अंघोळ, सायकलीवरच जेवण. त्याची सायकल कोणत्या कंपनीची, हे कोणी विचारल्याचे आम्हाला आठवत नाही.

आता राहिलेली गोष्ट.

आठवीतला एक मुलगा बहिणीला मिळालेली सरकारी सायकल घेऊन येत असे. घर लांब, वाट कच्ची. पुढे टोपली, दांडी खाली वाकलेली, म्हणजे आपण जिला लेडीज सायकल म्हणतो ती. ऑगस्टमध्ये तो पहिल्या तासाला उशिरा येऊ लागला. कपडे भिजलेले, चपला हातात. पंक्चर असेल असे आम्ही धरून चाललो. चौथ्या दिवशी उशीर का म्हणून रागावलो, तेव्हा कळले की तो चालत येतो आहे. सायकल ठीक होती, घरी होती.

“पोरं हसतात म्हणून आणत नाहीस होय रे?” आम्ही विचारले.

“पोरं हसली ते काय नाही सर,” तो म्हणाला. “तुम्ही पण हसला की.”

आम्हाला तो दिवस आठवला. फाटकाशी कोणीतरी ‘रेशन आलं, ताईचं रेशन आलं’ असे ओरडले होते आणि आमच्यापैकी दोघे तिथे उभे होते. विनोद बरा वाटला, हसलो, वर्गात गेलो. त्या हसण्याने एक मुलगा रोज भर पावसात चालत येईल, हे मनातही आले नव्हते. काळ्या पक्षाला ‘डेअरी’ म्हटले तर त्यांच्या घरी दोन म्हशी आहेत याचा त्यांना अभिमान आहे. ‘लाल पट्टा’ म्हटले तर गियरवाल्याला नवी सायकल मिरवायला मिळते. ‘रेशन’ या शब्दात सायकल नव्हतीच, त्या मुलाचे घर होते. ही तफावत मुलांना कळली नाही तर नवल नाही. आम्हाला कळायला हवी होती. त्याची आम्ही वर्गासमोर माफी मागितली. त्याला ते फारसे आवडले नाही, तो खाली मान घालून बसला. कदाचित एकटे गाठून मागायला हवी होती.

वाकलेल्या दांडीचे कारणही त्याच वेळी वर्गात सांगितले. ती रचना झगा किंवा साडी नेसून चढता यावे म्हणून झाली. पण ओझे घेऊन वारंवार चढउतार करणाऱ्या कोणालाही ती सोयीची पडते. हॉलंडमध्ये, जिथे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत असे म्हणतात, तिथे अशा सायकलीला आजीची सायकल म्हणतात आणि पुरुषही ती बिनदिक्कत चालवतात.

मग सप्टेंबरच्या एका शनिवारी मैदानावर तिन्ही पक्षांची परीक्षा घेतली. मागच्या चढावर अर्थातच गियरवाले पुढे गेले. पाण्याचे दोन कॅन घेऊन मैदानाला फेरी मारायची होती, त्यात त्यांची फजिती झाली. कॅरिअरच नाही! हँडलला कॅन अडकवून वाकडेतिकडे जात दोघे आडवे झाले, आणि काळ्या सायकली कॅरिअरला दोरीने कॅन बांधून शांतपणे आल्या. शेवटी मंद सायकल शर्यत. पाय न टेकता जो सर्वांत शेवटी पोचेल तो पहिला. ती जिंकली नववीतल्या एका मुलीने, काकांच्या काळ्या सायकलीवर, आणि तिचे पाय सीटवरून जमिनीला पोचतसुद्धा नव्हते. आमचा आठवीतला मित्र कशातच उतरला नाही. घड्याळ धरून वेळ लिहायचे काम त्याने मागून घेतले आणि चोख केले. गणपतीच्या सुट्टीनंतर तो पुन्हा सायकलीवर येऊ लागला. स्टँडवर मात्र लावत नाही, पलीकडे चिंचेखाली लावतो. आम्ही काही बोललो नाही.

विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. स्टँडवरचा पत्रा दक्षिण बाजूला गळतो, पुढच्या पावसाळ्याआधी तेवढा बदलावा. पालकसभेत ठरल्याप्रमाणे एक पायपंप घेतला आहे. तो घेताना दुकानदाराने आमचे आणखी एक अज्ञान दूर केले. काळ्या आणि सरकारी सायकलींना आत रबरी नळी असलेला जुना व्हॉल्व्ह असतो, गियरच्या सायकलींना मोटारसायकलीसारखा जाड, आणि शर्यतीच्या सायकलींना बारीक, टोकाला स्क्रू असलेला. एकच तोंड सगळ्यांना बसत नाही. म्हणून पंपाबरोबर तिन्ही तोंडे घेतली आहेत. ती एका डबीत घालून पंपाला बांधली आहेत. पंप कार्यालयाच्या दाराशी मिळेल. वापरून झाल्यावर तोंड काढून डबीत ठेवावे. बारीकवाले एकदा हरवले आहे, कोणाच्या खिशात राहिले असेल तर आणून द्यावे.