माकडहाडावरचं गळू : दरवेळी मूळव्याधच नसते



मानवत तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली. कारण लिहिलं होतं, ‘मुलाची मूळव्याध’. मुलगा बावीस वर्षांचा, ट्रॅक्टर चालवतो. दोन वर्षांत दोनदा गळू येऊन फुटलं. गोळ्या झाल्या, लेप झाले, पैसा गेला. बैठक उठल्यावर ताईंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, “मॅडम, दुखणं खाली नाही हो, वर माकडहाडापाशी आहे.” म्हटलं, आधी सर्जनला दाखवा. त्यांनी तपासून नाव सांगितलं, पायलोनिडल सायनस. नाकाच्या सायनसशी याचा काही संबंध नाही. इथं सायनस म्हणजे कातडीखाली तयार झालेली नळी.

कुल्ल्यांच्या मधल्या फटीत वरच्या बाजूला घाम साचतो, बसून बसून कातडी घासते. गळालेले केस तिथं अडकतात आणि टोचत टोचत आत शिरतात. बाभळीचा काटा पायात मोडून राहिला की पाय पिकतो ना, तसंच. आत पोकळी होते, बाहेर एखादं बारीक छिद्र दिसतं, त्यातून पू किंवा रक्त येतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हजारो सैनिकांना हा त्रास झाला. खडबडीत रस्त्यावर जीपमध्ये बसून होतो म्हणून त्याला जीपचा आजार म्हणायचे. आपल्याकडचे रस्ते आणि ट्रॅक्टर आठवा!

तरुण मुलांत हा जास्त दिसतो, पण मुलींनाही होतो. त्या लाजेपायी सांगत नाहीत, एवढाच फरक. तपासताना खोलीत नर्सताई हव्यात असं सरळ म्हणा, तो तुमचा हक्क आहे.

मूळव्याध गुदद्वाराशी असते, भगंदराचं तोंडही बहुधा त्याच्या जवळ असतं. हे छिद्र त्याच्या वर, मधोमध असतं. तरी निदान डॉक्टरांनीच करायचं. नुसतं छिद्र आहे, दुखत नाही, तर बऱ्याचदा ऑपरेशन लागत नाही. स्वच्छता ठेवायची आणि तिथले केस काढायचे. पण गळू ठणकत असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. भरलेला पू नुसत्या गोळ्यांनी जात नाही, चिरा देऊन काढावा लागतो. घरी दाबून फोडू नका. पू निघाला की बरं वाटतं, आणि इथंच आपण फसतो. केस आणि पोकळी आत राहिली तर गळू परत येतं. मग ती नळी काढायचं ऑपरेशन करतात. जखम कधी टाके घालून किंवा शेजारची कातडी फिरवून बंद करतात, कधी उघडी ठेवून तळापासून भरू देतात. उघड्या जखमेला कित्येक आठवडे ड्रेसिंग लागतं. आयुर्वेदिक सर्जन क्षारसूत्रही वापरतात.

ऑपरेशननंतरही हे उलटू शकतं. म्हणून रोज अंघोळ, जागा कोरडी, आणि डॉक्टर सांगतील तसे आसपासचे केस काढणं. बिडी-सिगारेट बंद. जखमेवर हळद, राख काही भरायचं नाही. आणि पाठीमागची जखम स्वतःला दिसत नाही, घरातल्या कोणीतरी रोज बघावी लागते.

कर्ज काढण्याआधी परभणीच्या सरकारी रुग्णालयात सर्जनना दाखवा. खासगीत जायचं असेल तर रेशन कार्ड, आधार घेऊन आरोग्यमित्राला विचारा, महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन बसतं का.

त्या ताईंनी शेवटी मागितलेल्या रकमेच्या निम्मंच कर्ज उचललं, तेही जाण्यायेण्याला आणि मुलाच्या बुडालेल्या मजुरीपोटी. ड्रेसिंग अजून चालू आहे. ट्रॅक्टर सध्या धाकटा भाऊ चालवतो.