पुष्पप्रदर्शनातील बाग आणि कळंबची माती

कर्जत व खालापूर तालुक्यांत भातखाचरांच्या शेजारी आता मोठ्या प्रमाणावर फार्महाऊस उभी राहिली आहेत. नेरळहून कळंबकडे जाताना कुंपणाच्या भिंती दिसतात. भिंतीआड हिरवळ, पाम आणि कुंड्यांच्या रांगा. या बागांमुळे रोपवाटिका, शेणखताचा पुरवठा, बागेची देखभाल असे पूरक धंदे आपल्या शेतकऱ्यांना मिळाले, ही गोष्ट चांगली. तथापि बागेचा नमुना मालक बहुधा पुष्पप्रदर्शनात पाहून येतो आणि तोच येथे मागतो. उन्हाळ्यात रोपे वाळली की दोष मात्र माळ्यावर व रोपे देणाऱ्यावर येतो. म्हणून प्रदर्शनातले काय घ्यावे आणि काय तेथेच सोडावे, याचा विचार उत्पादकांनीच करणे अगत्याचे आहे.

प्रदर्शन काय दाखविते?

आपल्याला जवळची प्रदर्शने दोन. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास प्रदर्शन भरविते. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत महानगरपालिकेचे प्रदर्शन साधारणपणे जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या आरंभी असते. दोन्ही वेळा हवा थंड आणि कोरडी असते. पिटुनिया, डेलिया, पॅन्सी, फ्लॉक्स यांना वर्षात याहून अनुकूल आठवडा मिळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेले रोप त्या दिवशी ऐन भरात असावे, अशा हिशेबानेच वाढविलेले असते.

परीक्षक फुलाचा आकार, रंग, ताजेपणा, दांड्याची लांबी, कीडरोगापासून मुक्तता आणि जातीची अचूक नोंद पाहतात. हे निकष योग्यच आहेत. जातिवंत गुलाबाचे वीस प्रकार शेजारीशेजारी पाहण्याची सोय दुसरीकडे कोठे मिळणार? परंतु हे रोप मे महिन्यात किती पाणी मागेल, जुलैत मुळे कुजतील काय, या प्रश्नांना तेथे गुण नाहीत. प्रदर्शन एका दिवसाचे रूप जोखते. बाग बारा महिन्यांची असते. फुलांनी मढविलेल्या प्रतिकृती पाहायला गर्दी लोटते, मुलांना त्या आवडतात, यात वावगे काही नाही. मात्र ती सजावट आहे, बागेचा नमुना नव्हे.

ही टीका नवीन नाही. इंग्लंडमध्ये विल्यम रॉबिन्सन यांनी 1870 मध्ये ‘द वाइल्ड गार्डन’ हे पुस्तक लिहिले. काचघरात वाढविलेली हंगामी रोपे नक्षीत मांडायची आणि हंगाम सरला की उपटून टाकायची, या तेव्हाच्या रिवाजावर त्यांचा कटाक्ष होता. त्या जागेत आपोआप टिकतील अशी झाडे लावा, असे त्यांचे म्हणणे. लंडनच्या चेल्सी येथे 1913 पासून भरणाऱ्या प्रदर्शनावरही हाच आक्षेप घेतला जातो: अपार खर्चाने उभारलेली बाग जेमतेम आठवडाभर दिसते. अलीकडे तेथील बागा प्रदर्शनानंतर शाळा, रुग्णालये अशा ठिकाणी हलविण्यावर भर दिला जातो, तो या टीकेमुळेच काही अंशी असावा.

राणीच्या बागेचेच उदाहरण घ्या. ही बाग 1862 पासूनची आहे. 2007 च्या सुमारास तिच्या नव्या आराखड्याला नागरिकांनी विरोध केला, कारण बांधकामापायी जुनी वृक्षराजी धोक्यात येईल अशी त्यांना भीती वाटली. त्या बागेचे खरे वैभव म्हणजे दीडशे वर्षांत वाढलेली झाडे. ती कोणत्याही स्पर्धेत मांडता येत नाहीत.

हिरवळीचा हिशेब

आपल्या भागात पावसाळ्यात सुमारे तीन हजार मि.मी. वा अधिक पाऊस पडतो आणि नंतर सात-आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. उन्हाळ्यात पारा 40 अंशांवर जातो. अशा वेळी हिरवळीला रोज निदान 5 मि.मी. पाणी लागते असे धरू. एक गुंठा म्हणजे सुमारे 100 चौरस मीटर. म्हणजे गुंठ्याला रोज 500 लिटर. दहा गुंठे हिरवळीला 5,000 लिटर, आणि मार्च ते मे या 90 दिवसांत साडेचार लाख लिटर. हे पाणी विंधन विहिरीतून उपसले जाते, आणि नेमक्या त्याच दिवसांत काही पाड्यांवर हंडे रांगेत असतात. हिरवळीचे काम स्वीकारण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडून मालकास दाखवावा. घरापुढे एक-दीड गुंठा हिरवळ पुरते. बाकी जागेत गवत आपोआप येते. ते दिवाळीनंतर कापावे आणि उन्हाळ्यात पिवळे पडू द्यावे. पहिल्या पावसात ते पुन्हा फुटते.

दुसरी बाब भरावाची. खाचराची चिकण जमीन उंच करण्यासाठी मुरूम टाकतात आणि वर वीतभर लाल माती पसरतात. दाबलेल्या मुरमात झाडांची मुळे खाली जात नाहीत. त्याहून गंभीर म्हणजे भराव व भिंत यांमुळे पाण्याची जुनी वाट बुजते आणि शेजारच्या खाचरात पाणी तुंबून भात कुजते. आराखडा कितीही देखणा असला तरी उताराकडच्या भिंतीला मोऱ्या ठेवल्या नसतील तर तो सदोषच समजावा. काम करणाऱ्या शेतकऱ्याने ही गोष्ट आरंभीच बोलून घ्यावी. नंतर भांडण शेजाऱ्यांत होते, आराखडा करणारा केव्हाच मुंबईस परतलेला असतो.

काय लावावे?

येथील ऋतूंप्रमाणे फुलणारी झाडे आपल्याकडे विपुल आहेत. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा व सीताअशोक. उन्हाळ्यात बहावा, ताम्हण, कुडा आणि मोगरा. मृगाच्या आगेमागे अनंत. पावसाळ्यात सोनटक्का, कर्दळ, तेरडा. जास्वंद, तगर व अबोली बहुतेक वर्षभर फुले देतात. सोनचाफ्याची कलमे लावल्यास बागेची शोभा राहून फुलांची विक्रीही होते. कळलावी सुंदर दिसते, पण तिचे कंद विषारी असल्याने मुले व गुरे फिरतात तेथे ती लावू नये. पिटुनिया, डेलिया यांचा आग्रहच असेल तर कुंड्यांत लावावीत व होळीनंतर त्या रिकाम्या कराव्या लागतील हे आधीच सांगावे.

नव्या शोभिवंत झाडाबाबत विशेष जपावे. डोंगरउतारावर माजलेली घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागेची शोभा म्हणूनच या देशात आली. भराभर वाढते म्हणून कुंपणाला लावले जाणारे कोनोकार्पस गुजरात सरकारने 2023 मध्ये लावण्यास मनाई केली.

प्रदर्शनास अवश्य जावे, पण वही घेऊन. आवडलेल्या रोपाचे नाव, पेरणीची तारीख, कुंडीतील मिश्रण आणि पाण्याची पाळी वाढविणाऱ्या माळ्यास विचारून लिहून घ्यावी. नारळाच्या भुश्श्यात वाढलेले रोप चिकण मातीत तसेच लावल्यास मुळे बाहेर पडत नाहीत. लावताना मुळांभोवतालचा भुसा हलकेच मोकळा करावा. आणलेल्या प्रत्येक नव्या जातीची दोन-तीन रोपे प्रथम आपल्या बांधावर लावून एक उन्हाळा व एक पावसाळा पाहावीत. तगली तरच मालकास तिचा भाव सांगावा.