आधी मोजा, मग पान टाका

ब्रिजमध्ये डमीचे पत्ते उघडले की लगेच पान टाकू नका. आधी पक्के हात मोजा.

समजा, तुमची बोली तीन बिनहुकमी आहे. म्हणजे ९ हात हवेत. पहिल्याच उतारीत तुमचा इस्पिकचा एक्का खर्ची पडला. तो धरून इस्पिकचा १, बदामचे ३, किलवरचे ३ आणि चौकटचा १ असे ८ हात पक्के आहेत. नववा कोठून आणायचा? विरोधकांनी एक हात जिंकला, की ते इस्पिकचे आणखी ४ हात ओढून तुम्हाला बुडवतील.

वाटा दोन आहेत. डमीत चौकटचे एक्का-राणी आहेत. हातातून लहान चौकट खेळून राणी लावायची. राजा डावीकडे असेल तर ती जिंकते. शक्यता ५० टक्के. दुसरी वाट किलवरची. डमीत एक्का, राजा, ४, २. तुमच्याकडे राणी, ७, ३. बाहेरचे ६ पत्ते ३-३ विभागलेले असतील, तर डमीतले चौथे पानही हात करते. शक्यता सुमारे ३६ टक्के.

मग ५० ची वाट धरावी? नाही. राजा उजवीकडे निघाला तर डाव तेथेच संपला. आधी किलवरचा एक्का, राजा आणि शेवटी राणी खेळा. यात काहीच गमवावे लागत नाही. विभागणी ३-३ निघाली, तर चौकटच्या एक्क्याने डमीत जा. नाही निघाली, तर उरलेल्या ६४ पैकी निम्म्या वेळा चौकटची राणी तारेल. ३६ + ३२ = ६८!

आता तुम्ही विचार करा: नाणे ६ वेळा उडवल्यास ३ छाप, ३ काटे पडण्याची शक्यता सुमारे ३१ टक्केच. मग पत्त्यांत ३६ का? सूचना: प्रत्येकाला पत्ते बरोबर १३ च मिळतात.